तानपुऱ्याचा गळा मोडलाय, वर्गणी काढू का?

या वेळी पत्रांचा ढीग बघितला तर निम्मी पत्रं एकाच विषयावरची निघाली. कुणाचं ना कुणाचं वाद्य मोडलंय आणि पैसे कसे गोळा करायचे. मी कारागीर नाही, आयुष्य बँकेत गेलं आणि आमच्या गावच्या म्युझिक सर्कलचे हिशेब बघते, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं कळतं एवढंच. बाकीच्या विषयांची पत्रं पुढच्या महिन्यात घेईन, रागावू नका.

प्रश्न : ताई, आमच्या बाई सांगलीत गाणं शिकवतात, वय सत्तरच्या पुढे. त्यांचा तानपुरा त्यांच्या गुरूंनी दिलेला, मिरजेचाच आहे, किती जुना ते बाईंनाही नक्की सांगता येत नाही. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाला टेम्पोतून नेताना त्याच्यावर स्पीकर आडवा झाला आणि तानपुरा गळ्यापाशी मोडला, भोपळ्यालाही चीर गेलीय. बाई काही बोलल्या नाहीत, खोळ घालून कोपऱ्यात ठेवून दिला आणि आता मोबाईलच्या तानपुऱ्यावर क्लास घेतात. आम्ही तीसेक जण आहोत. बाईंना न सांगता पैसे जमवून एकदम दुरुस्त करून हातात द्यायचा, असं सरप्राईज ठरतंय. ग्रुपवर क्यूआर कोड टाकून मेसेज फिरवू का? आणि फोटो बघून एक जण म्हणाला की एवढ्या खर्चात नवा येईल, त्याचं काय करायचं?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : सरप्राईज तेवढं कॅन्सल करा. बाकी सगळं करा.

तुमची भावना चांगलीच आहे, पण विचार करा, बाईंच्या नावाने मेसेज फिरणार, तो तिसऱ्या ग्रुपवर जाणार, तिथून बाईंच्या वहिनींना किंवा जुन्या शाळेतल्या मैत्रिणीला जाणार आणि त्या फोन करून विचारणार, ‘काय गं, सगळं ठीक आहे ना, पैशाची अडचण आहे का?’ सत्तरीच्या बाईंना हे ऐकायला लागलं तर तुम्ही तानपुरा सोन्याने मढवून दिला तरी त्या हात लावणार नाहीत. गाण्याच्या क्षेत्रातली ही माणसं फी वाढवायला सुद्धा लाजतात हो, आणि तुम्ही गावभर वर्गणी काढणार. त्यामुळे तुमच्यातले दोघं, जे बाईंकडे सगळ्यात जुने आहेत ते, घरी जाऊन सरळ विचारा. ‘बाई, आम्हाला गुरुदक्षिणा म्हणून हे करायचंय, फक्त आपल्या क्लासपुरतं, बाहेर कुणाला मागणार नाही.’ नाही म्हणाल्या तर आठवडाभराने परत विचारा. तरी नाहीच म्हणाल्या तर विषय संपला, तो तानपुरा त्यांचा आहे.

हो म्हणाल्या तर पहिलं काम पैशाचं नाही, निदानाचं. फोटोवरून जो कुणी ‘नवा घ्या’ म्हणाला त्याला मनातल्या मनात नमस्कार करा आणि तानपुरा घेऊन मिरजेला जा, दहा-बारा किलोमीटर तर आहे. तुम्ही नशीबवान आहात, इतर ठिकाणच्या लोकांना हेच पार्सल करून पाठवायचं टेन्शन असतं. सतारमेकर गल्लीत हे काम पिढ्यानपिढ्या चाललंय, शस्त्रांचं काम करणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी साधारण १८५० च्या आसपास तिथे सतारी-तानपुरे बनवायला सुरुवात केली आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं. (मानांकन मिळालं म्हणून दुरुस्तीची मजुरी वाढली का, हे मात्र कारागिरांनाच विचारा, उत्तर ऐकून वाईट वाटेल.) शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या कारखान्यांत दाखवा.

चांगला कारागीर काय करतो ते नीट बघा. तो आधी तारा उतरवतो, मग भोपळ्यावर बोटाच्या पेराने ठिकठिकाणी टकटक करत जातो, जिथे आवाज बद्द येतो तिथे चीर आतपर्यंत गेलेली असते, बाहेरून पॉलिशमुळे दिसत नाही. मग तानपुरा बंदुकीसारखा डोळ्यासमोर धरून दांडी वाकली का ते बघतो. तबली, म्हणजे पुढची लाकडी फळी, घोडीच्या (जिच्यावर तारा टेकतात तिच्या) खाली खचली आहे का ते अंगठ्याने दाबून बघतो. जुन्या वाद्यात सांधे सरसाने जोडलेले असतात, तो सरस उष्णतेने आणि ओलाव्याने सुटतो, त्यामुळे गळा ‘मोडलाय’ असं आपल्याला वाटतं तेव्हा पुष्कळदा लाकूड मोडलेलं नसतंच, सांधा निखळलेला असतो. ते काम बरंच सोपं. लाकूडच तुटलं असेल तर आतून आधार देऊन जोडावं लागतं. भोपळ्याची चीर तबली काढून आतून कापडाच्या पट्ट्या चिकटवून बुजवतात आणि बाहेरून लाख भरून पॉलिश करतात. हे सगळं होण्यासारखं असतं.

आता नव्याचा मुद्दा. हिशेबाने बघितलं तर त्या माणसाचं अगदीच चुकीचं नाही, कधी कधी खर्च नव्याच्या जवळ जातो. पण भोपळा हा कारखान्यात तयार होत नाही, शेतात येतो. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने मिरजेत येतात ते भोपळे, आणि मोठा, गोल, जाड सालीचा, नीट वाळलेला भोपळा मिळणं आता सोपं राहिलेलं नाही. इतकी वर्षं वाळत, वाजत आलेला भोपळा जर चीर पडूनही एकसंध असेल तर तो टाकून नवा घेण्यात काही शहाणपणा नाही. भोपळ्याचे तुकडेच झाले असते तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा जुनी दांडी ठेवून नवा भोपळा बसवतात, पण मग तो अर्धा दुसराच तानपुरा होतो आणि तसं चालेल का हे फक्त बाईच सांगू शकतात.

अजून एक गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही. कारागिराला काय करायचं ते सांगताना काय करायचं नाही तेही लिहून द्या. दुरुस्तीला आलेलं वाद्य चकाचक करून परत द्यायची त्यांना सवय असते, गिऱ्हाईक खूश होतं. पण जुन्या तानपुऱ्यावर हात आणि गाल टेकून टेकून एक जागा गुळगुळीत, फिकट झालेली असते, तिथे आधी बाईंच्या गुरूंचा हात होता आणि मग बाईंचा. ती जागा घासून नव्याने पॉलिश केली तर संपलंच मग सगळं. जुन्या खुंट्या, जुनी घोडी, मणी, काहीही बदललं तर जुनं परत पाहिजे, पिशवीत घालून. आणि जवारी, म्हणजे घोडीचा माथा घासून तारांचा झणकार जुळवणं, ते सगळ्यात शेवटी, बाईंना शेजारी बसवून. खुली हवी की थोडी बंद हे ज्याच्या त्याच्या कानाचं आणि गळ्याचं असतं, कारागीर कानशीने एक हात फिरवतो, दोरा सरकवून बघतो, परत फिरवतो, त्या वेळी मान हलवणारं माणूस समोर पाहिजे. तुमच्यापैकी कुणीतरी मोबाईलवर रेकॉर्ड करून बाईंना पाठवलं तर त्यात काही कळत नाही.

आता पैसे. एस्टिमेट लेखी घ्या आणि फोडून घ्या : गळ्याचं काम, चिरेचं काम, पॉलिश, तारा, जवारी, नेण्या-आणण्याचा खर्च. त्यात एक चांगली कडक पेटी धरा, नाहीतर पुढच्या गुरुपौर्णिमेला परत तोच टेम्पो आणि तोच स्पीकर. तबली उघडल्यावर आत काहीतरी निघतंच, म्हणून वर साधारण दहा टक्के ठेवा. जी बेरीज होईल तेवढेच पैसे मागायचे, ‘जमतील तेवढे जमवू’ असं नको, त्याने पुढे भांडणं होतात.

तीस जणांत भागायला हवं. प्रत्येकी किती ते ठरवू नका, तुमच्यात कॉलेजची पोरंही असतील आणि डॉक्टरही. फक्त वरची मर्यादा घाला, समजा दोन हजार, म्हणजे कुणी एकजण दहा हजार टाकून मग वर्षभर ‘माझ्यामुळे झाला’ असं सांगत फिरणार नाही. ग्रुपवर नावं टाकायची असतील तर रकमेशिवाय टाका. पैसे बाईंच्या खात्यावर अजिबात मागवू नका. एक तर त्यांना नको त्या चौकशांना तोंड द्यावं लागतं, आणि दुसरं म्हणजे आयकराचा नियम असा आहे की नातेवाईक नसलेल्या लोकांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेल्या भेटी सगळ्या मिळून ५०,००० रुपयांच्या वर गेल्या तर वरचीच नाही, सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते. तुमचा खर्च बहुतेक तिथपर्यंत जाणार नाही, पण वाढदिवसाचं, सत्काराचं असं बाकीचंही त्यात मोजलं जातं. त्यापेक्षा दोघांनी हिशेब ठेवायचा आणि कारागिराला बिलाप्रमाणे थेट द्यायचे, थोडे ॲडव्हान्स, बाकी जवारी झाल्यावर. बिल बाईंच्या नावावर करून घ्या.

क्यूआर कोडचं म्हणाल तर तुमच्या क्लासच्या ग्रुपच्या बाहेर तो जायलाच नको. फॉरवर्ड झालेला कोड मरत नाही, काम होऊन वर्ष झालं तरी कुणीतरी अनोळखी माणूस ५०१ रुपये टाकतो आणि ते परत करायला तुम्ही त्याला शोधत बसता. शिवाय तोच मेसेज घेऊन त्यात स्वतःचा कोड चिकटवणारे महाभागही आहेत, म्हणून मेसेजमध्ये कोडच्या खाली ‘पैसे पाठवताना स्क्रीनवर अमुक नाव दिसलं पाहिजे’ असं लिहा, आणि रक्कम पूर्ण झाली की त्याच दिवशी ‘बंद, आता पाठवू नका’ असा मेसेज टाका.

आणि हो, ज्याने स्पीकर नीट बांधला नाही तो तुमच्याच ग्रुपमधला असेल तर त्याच्याकडून जास्त वसूल करायचा विचार मनात आला असेल. करू नका. तो आधीच झोपत नसणार.

प्रश्न : आमच्या गावातले बुवा पूर्वी दशावतारात पायपेटी वाजवायचे, आता देवळात भजनाला वाजवतात. गेल्या पावसात देवळाच्या माळ्यावर गळती लागून पेटी भिजली, भाता कुजला, उंदरांनी चामडं खाल्लं, काही सूर बोलतच नाहीत. बुवांची परिस्थिती बेताची. चतुर्थीला चाकरमानी गावात येतात तेव्हा घरटी वर्गणी काढायची असं ठरलंय. पण काही लोक म्हणतात की पेटी देवळाची आहे, काही म्हणतात बुवांची स्वतःची. आणि वर्गणीला परवानगी लागते का?
— मंडळाचा सेक्रेटरी, कुडाळ तालुका

उत्तर : परवानगीचं नंतर बघू, तुमचा खरा प्रश्न मधल्या वाक्यात आहे. पेटी कुणाची?

हे आत्ता मिटवलं नाही तर लिहून ठेवा, पेटी दुरुस्त होऊन आली की पहिल्या भजनाच्या आधी भांडण होणार. गावाने पैसे दिले म्हणजे पेटी गावाची, असं अर्धा गाव धरून चालणार, आणि बुवांना वाटणार की माझीच होती, तुम्ही फक्त बरी केली. दोघंही आपापल्या जागी बरोबर. म्हणून बुवा, देवस्थानचे मानकरी आणि मंडळ असे बसा आणि एका कागदावर लिहा. माझं मत विचाराल तर पेटी बुवांची, बुवा आहेत तोवर त्यांच्याच ताब्यात, आणि नंतर देवळाला, असं त्यांना मान्य असेल तर उत्तम. पण हे त्यांच्या तोंडून यायला हवं, त्यांच्यावर लादून नव्हे. वर्गणीच्या पावतीवरही ‘बुवांच्या पायपेटीच्या दुरुस्तीसाठी’ असंच छापा, ‘देवस्थान निधी’ असं मोघम छापू नका.

परवानगीबद्दल : मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं नसेल आणि तुम्ही देवाधर्माच्या किंवा सार्वजनिक कामाच्या नावाने घरोघर वर्गणी काढणार असाल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ क कलमाखाली तात्पुरती परवानगी घ्यावी लागते, गणेशोत्सव मंडळं दर वर्षी घेतात तीच. अर्ज ऑनलाईन होतो, आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. चतुर्थीच्या आधी ऑफिसात गर्दी असते, लवकर टाका. फक्त ओळखीच्या आठ-दहा जणांनी आपसात पैसे काढले तर ती वर्गणी मोहीम होत नाही, आणि मुंबईकर मंडळी एवढी हौशी असतात की कदाचित तेवढ्यातच काम भागेल. आधी तेच करून बघा की.

सरकारी मदतीचंही सांगते, कारण लोक विचारत नाहीत आणि मग हळहळतात. २०२५ च्या गणेशोत्सवाच्या वेळी राज्य सरकारने १,८०० भजनी मंडळांना वाद्यांसाठी प्रत्येकी २५,००० रुपये अनुदान जाहीर केलं होतं. पुढच्या वेळी असं काही निघालं तर अर्ज करायला मंडळाची कागदपत्रं तयार ठेवा, घोषणा झाल्यावर धावपळ करून काही होत नाही. बुवांसाठी वेगळं म्हणजे राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची ज्येष्ठ साहित्यिक-कलावंत मानधन योजना आहे, वयाची पन्नाशी उलटलेल्या, उत्पन्न बेताचं असलेल्या कलावंतांना महिन्याला ५,००० रुपये. दशावतारात वाजवलेल्या वर्षांचे पुरावे लागतात, जुनी हँडबिलं, कंपनीच्या मालकाचं पत्र, फोटो. ते पैसे दुरुस्तीचे नाहीत, त्यांच्या हक्काचे आहेत, दोन्ही गोष्टी एकमेकांत मिसळू नका.

पेटीच्या कामात एकच पथ्य पाळा. जुन्या पायपेटीत पितळी सूर, म्हणजे आवाज देणाऱ्या आतल्या पट्ट्या, पुष्कळदा परदेशी असतात, जर्मन किंवा फ्रेंच, आणि भाता कुजला तरी सुरांना सहसा काही झालेलं नसतं, धूळ-गंज बसून अडकलेले असतात, काढून साफ केले की बोलायला लागतात. ‘सगळे सूर नवीन टाकून देतो’ असं कुणी म्हणालं तर थांबा. नव्या सुरांत वाईट काही नाही, गुजरातेत पालिताण्याला चांगले सूर बनतात, पण बुवांच्या पेटीचा जो आवाज गावाला माहीत आहे तो त्या जुन्या पट्ट्यांचा आहे. मोडलेला तेवढाच बदला, आणि काढलेले सूर मोजून परत घ्या. भाता, चामडं, कापड मात्र बिनधास्त सगळं नवीन करा, तिथे काटकसर करायची नाही.

आणि पेटी परत माळ्यावर ठेवू नका म्हणजे झालं.

प्रश्न : मी पुण्याचा, सतार वाजवतो. परदेशातून कार्यक्रम करून परत येताना विमानात चेक-इन केलेली सतार घरी येऊन उघडली तर तुंबा (भोपळा) फुटलेला. एअरलाईन फक्त ‘सॉरी’ म्हणतेय. मित्र म्हणतात रील टाक, लोक पैसे देतील. टाकू का?

उत्तर : तुम्ही घरी आल्यावर उघडली, इथेच थोडं अवघड झालंय, पण अजून वेळ असेल. आंतरराष्ट्रीय प्रवासात चेक-इन सामान मोडलं तर सामान हातात आल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते, माँट्रियल कराराचा नियम आहे. या पत्राला मी आधी ईमेलने लगेच उत्तर दिलं आणि मग ते इथे छापतेय, ते त्यासाठीच. एअरलाईनला ईमेल पाठवा, बोर्डिंग पास, बॅगेज टॅग, केसचे आणि तुंब्याचे फोटो, कारागिराचं लेखी एस्टिमेट जोडा. भरपाईला वर मर्यादा आहे, २८ डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशाला १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे रुपयांत लाख-दीड लाखाच्या पुढे जाते, पण ती कमाल रक्कम आहे, आपोआप मिळणारी नव्हे. नुकसान किती ते तुम्हाला दाखवावं लागतं. उत्तर आलं नाही तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे, विमानप्रवासाच्या तक्रारींसाठी सरकारचं एअरसेवा पोर्टल आहे, आणि कोर्टात जायला दोन वर्षांची मुदत आहे. बाकीच्या वाचकांसाठी : बेल्टवरून वाद्य उचललं की विमानतळावरच केस उघडायची, मागे टॅक्सीवाला ओरडत असला तरी. मोडलेलं दिसलं तर तिथल्या काउंटरवर नुकसानीचा रिपोर्ट लिहून घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही.

रीलचं म्हणाल तर डेव्ह कॅरोल नावाच्या कॅनडाच्या गायकाची गोष्ट सगळे सांगतात. २००८ मध्ये विमान प्रवासात त्याची गिटार मोडली, दुरुस्तीला १,२०० डॉलर लागले, त्याने २००९ मध्ये त्यावर गाणं करून टाकलं आणि ते जगभर गाजलं. पण त्या गोष्टीतला एक भाग कुणी सांगत नाही. एअरलाईनने त्याला नाही म्हटलं ते २४ तासांत तक्रार केली नाही, या कारणावर. आणि गाणं टाकायच्या आधी तो नऊएक महिने त्यांच्याशी पत्रव्यवहार करत होता. म्हणजे आधी कागद, मग कॅमेरा.

एअरलाईनवर रील टाकायची असेल तर टाका, पण त्याच रीलमध्ये पैसे मागू नका, हे माझं ठाम मत आहे. एकाच तोंडाने ‘यांनी भरून द्यावं’ आणि ‘तुम्ही भरून द्या’ असं म्हणता येत नाही. क्लेम चालू असताना दुरुस्ती थांबवणं शक्य नसेल, समोर कार्यक्रम असतील, तर मित्रांकडून, शिष्यांकडून उसने घ्या आणि स्पष्ट सांगा की भरपाई आली की परत. देणगीच घ्यायची असेल तर आधीच लिहा की एअरलाईनकडून पैसे आले तर त्यांचं काय करणार : परत देणार की दुसऱ्या कुणा वादकाच्या दुरुस्तीला देणार. केटो, मिलापसारख्या साईटवर मोहीम टाकलीत तर तिथे पेमेंटचे चार्जेस कापले जातात आणि लोक तिथे मुख्यतः हॉस्पिटलच्या बिलांसाठी पैसे देतात, कॅन्सरच्या लहान मुलाच्या फोटोशेजारी आपल्या सतारीचा फोटो बघून तुम्हालाच कसंतरी होईल. मला तरी झालं असतं.

आणि पुढच्या वेळी निघायच्या आधी वाद्याचा विमा काढा, तारा उतरवून ठेवा, केसमध्ये तुंब्याच्या आजूबाजूला जागा राहणार नाही असे कपडे भरा. हे तुम्हाला माहीत असणारच, पण घाईत राहून जातं.

प्रश्न : मी बरीच वर्षं अमेरिकेत आहे. नागपूरला माझे लहानपणचे तबल्याचे गुरुजी आहेत, त्यांच्या एका जुन्या तबला-डग्ग्याच्या जोडीची दुरुस्ती आणि नवीन पुड्या (वरची चामडी) यासाठी इथले पाच-सहा मराठी मित्र मिळून पैसे पाठवायचेत. त्यांच्या संगीत विद्यालयाच्या ट्रस्टला पाठवू का?

उत्तर : ट्रस्टला नको. तुम्ही किंवा तुमचे मित्र अमेरिकन नागरिक झालेले असाल तर तुमचे पैसे परदेशी देणगी धरले जातात, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड असलं तरी, आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखाली, नोंदणी नसलेल्या ट्रस्टने ते घेतले तर गुरुजी आणि विश्वस्त विनाकारण अडचणीत येतील. भारतीय पासपोर्ट अजून असलेला मित्र स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ते परदेशी देणगीत मोजत नाहीत. तुमच्या बाबतीत सगळ्यात सरळ म्हणजे नागपूरच्या तबला दुरुस्त करणाऱ्याकडून बिल मागवा आणि त्याचं बिल त्यालाच भरा, तुम्ही त्याचं गिऱ्हाईक. रक्कम मोठी असेल तर तिथल्या एखाद्या सीएला फोन करून विचारा, माझ्या उत्तरावर विसंबू नका.

पण खरं सांगू का, तबल्याच्या पुडीला एवढा खर्च नाही येत हो. पाच-सहा जण डॉलरमध्ये काढणार म्हणजे पैसे उरणारच. ते उरलेले गुरुजींना विचारून त्यांच्याकडे शिकणाऱ्या, ज्याला स्वतःची जोडी परवडत नाही अशा एखाद्या पोराला तबला घेऊन द्यायला वापरा. आणि पुडीत शाई (मधला काळा गोल) कुणाच्या हातची लागते ते गुरुजींनाच ठरवू द्या, या बाबतीत तबलजींची मतं फार पक्की असतात.

प्रश्न : वडिलांचा सरोद दुरुस्त करायचाय, पैसे नाहीत. घरात आजोबांची एक जुनी सतार आहे, तिच्यावर हस्तिदंताचं काम आहे. ती ऑनलाईन लिलावात विकून पैसे उभे करावेत का? चांगली किंमत येईल असं एकाने सांगितलंय.
— कोल्हापूर

उत्तर : नाही. ज्याने सांगितलंय त्यालाही सांगा. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली भारतीय हस्तिदंताचा व्यापार १९८६ पासून आणि आफ्रिकन हस्तिदंताचा १९९१ पासून बंद आहे. वस्तू शंभर वर्षं जुनी असली, आजोबांची असली, वरचं काम नखाएवढं असलं तरी विकता येत नाही. जाहिरातीचा फोटो टाकलात तरी वनखात्याचे लोक दारात येऊ शकतात. घरात त्या हस्तिदंताची कागदपत्रं नसतील तर काय करायचं, तेवढं आधी वनविभागाच्या ऑफिसात जाऊन विचारून घ्या.

सरोदचं काय मोडलंय ते तुम्ही लिहिलंच नाही. पुडीचं चामडं फाटलं असेल तर खर्च अगदी आटोक्यातला असतो, खुंट्या सरकत असतील तर त्याहून कमी. फोटो आणि एक पानभर माहिती पाठवा, आणि कोल्हापूर-मिरज एस.टी.च्या तिकिटाएवढे पैसे काढून ठेवा.